चौदा इंच

हॉलिस टॉर्च धरतो. मी पलंगावर गुडघे टेकून, हात छताला.
हे असं आधी कधी नव्हतं.
तेहतीस वर्षं विमानांच्या पोटात कोपरापर्यंत शिरलेला तो,
आणि मी, पाना मागितला की पक्कड देणारी.
पण आता त्याच्या बोटांत स्क्रू दिला
की तो खाचेभोवती चार प्रदक्षिणा घालतो
आणि चादरीत नाहीसा होतो.

युमाच्या बाहेर, वाळूत आखलेल्या रांगेत
आमची गाडी तिसरी.
मे महिना आत्ताच भट्टी पेटवून बसलाय.
बेडरूम म्हणायची, झालं. एक पलंग,
आणि त्याच्याभोवती तिरकं होऊन चालण्याइतकी फट.
रात्री दोघंही झोपेचं सोंग घेतो.
कूस बदलली की अख्खी गाडी हलते,
म्हणून कुणीच बदलत नाही.

जुनं झाकण काढण्यात सकाळ गेली.
सोळा स्क्रू, त्यातले चार गंजून पत्र्याशी एकजीव,
आणि वर टपावर आधीच्या कुणीतरी थापलेला डिंक,
थरावर थर, काळ्या गुळाच्या ढेपेसारखा.
"खरवडू नको. आधी तापव," खालून हॉलिस.
मी टपावर चढून केसांचा ड्रायर लावला.
पलीकडून रामीरो ओरडला,
"डेल्फीन, गाडीचे केस वाळवतेयस का?"
हसताना तोल गेला असता माझा.

झाकण निघालं तेव्हा
चौदा इंच बाय चौदा इंच आकाश
धपकन आमच्या उशीवर पडलं.
आम्ही काम टाकून त्याखाली आडवे झालो, डोक्याला डोकं लावून.
एक गिधाड एका कडेनं आत आलं,
दुसऱ्या कडेनं बाहेर गेलं.
हॉलिस म्हणाला, "इतकंच बिल आलं असतं
तर मी पंखा कशाला आणला असता?"
त्याला काय म्हणायचं होतं, मी विचारलं नाही.

मग तारा.
टॉर्चचा उजेड थरथरतो. तार दिसते, जाते, दिसते.
पूर्वीची मी असते तर ओरडले असते.
आता मला तिची लय पाठ आहे.
दिसेल तेव्हा पकडायचं, जाईल तेव्हा श्वास घ्यायचा.
काळीला काळी जोडली मी. शहाणी कुठली.
फ्यूज बसवला, बटण दाबलं, आणि पंखा फिरला
सुखानं, जोरात, उलटा.
कोंडलेली हवा बाहेर टाकायची सोडून
वाळू, रामीरोच्या तव्यावरचा कांदा,
कुणाच्यातरी रेडिओवरचा बेसबॉल,
सगळं आमच्या तोंडावर.

"गाडीची काळी म्हणजे अधिक,"
शिंकत शिंकत हॉलिस म्हणाला,
"पंख्याची काळी म्हणजे उणे. सांगणार होतो मी."
"मग सांगितलं का नाहीस?"
त्यानं टॉर्च माझ्या हातात दिला.

उशा एकावर एक रचून तो गुडघ्यांवर उठला.
दोन्ही कोपरं छताला टेकवली,
कपाळसुद्धा,
आणि तसा, अर्धा गाडीला बांधल्यासारखा,
एक टोपी सोडवायला त्यानं सहा मिनिटं घेतली.
दुसरीला अकरा.
मी बोलले नाही. मोजत होते फक्त.
खांदा भरून आला. मनगटाला मुंग्या.
उजेड भिंतीवर, त्याच्या कानावर, परत तारेवर.

"टॉर्च सरळ धर, डेल्फीन,"
तो म्हणाला,
त्याच जुन्या, विमानाच्या पोटातल्या आवाजात.

मध्यरात्रीनंतर कधीतरी मी कूस बदलली.
गाडी हलली.
तो घोरत होता.

पंखा पंधरा स्क्रूंवर आहे.
सोळावा सकाळी त्याच्या पाठीला टोचला.