रुमाल चौदा, पान अकरा

तेरवणकर मास्तर दोन हातांनी लिहायचे, असं वाघोटणात म्हणतात.
म्हणजे हात उजवाच. शाई दोन.
निळ्या शाईत बंदराचा इतिहास,
काळ्या शाईत भुतं,
टोपणनावाने, दिवाळी अंकांसाठी.

इतिहास पदरमोड करून छापला. तीनशे प्रती.
त्यातल्या दोनशे चाळीस अजून माळ्यावर, वाळवीला तोंडपाठ.
भुतांची मनीऑर्डर यायची.
कलमांच्या बागेत राखणीला बसलेले गडी
कंदील मोठा करून ती मोठ्याने वाचायचे,
आणि मग लघवीलाही दोघं मिळून जायचे.

"मास्तर, गिऱ्हा बघितलात कधी?"
"छे. जकातीचं दप्तर बघितलंय."

मी तेव्हा त्यांच्याकडे मोडी शिकत होते.
हात उचलायचा नाही, म्हणायचे,
उचललास की लिहिणारा तुझ्यातून निघून जातो.

रुमाल चौदा, पान अकरा:
खोबरे, गोणी सात. मीठ, खंडी तीन.
बटीक एक, उमर वर्षे दहा, मुखी देवीचे वण.
जकात पावली.

पुस्तकात तिला एक तळटीप मिळाली, बारीक टाइपात:
अशी खरेदी-विक्री होत असे. पाहा, रु. १४.
"याहून जास्त मला म्हणता येत नाही,"
आणि चष्मा पुसत राहिले, स्वच्छ असलेला.

त्या वर्षीच्या गोष्टीत
एक पोर ओहोटीला चिखलातून चालत येते.
पावलं उलटी नाहीत, केस मोकळे नाहीत.
दारोदार एवढंच विचारते:
"माजा नाव खंय लिवलंय?"
सांगता आलं नाही त्याला काही करत नाही,
पुढच्या दाराला जाते.

गडी म्हणाले, ही काय जमली नाय. भीतीच नाय वाटत.
त्यातला एक मात्र मध्यरात्री बाग सोडून घरी गेला
आणि निजलेल्या लेकीला
उगाच हाक मारून आला.

मास्तर गेले. दप्तर सरकारजमा करायचं ठरलं,
यादी माझ्याकडे.
पान अकरावर, 'बटीक एक'च्या पुढे,
शिसपेन्सिलीने, त्याच काळाच्या वळणात,
हात न उचलता:
सगुणी.

सगळे रुमाल पुन्हा सोडले. ही सगुणी कुठेच नाही.
त्यांच्या घराण्यात नाही, गोष्टीतही नाही.
पुराव्यावाचून ज्यांनी
कुणाला साधं 'श्री' लावलं नाही, त्यांनी हे.

उद्या अकराला रत्नागिरीहून जीप येईल.
टेबलावर खोडरबर आहे.
बाहेर ओहोटी लागलीय,
खाडीत कालवं काढायला उतरलेल्या बायका
एकमेकींना नावाने हाका मारतायत.