पस्तीस मिनिटं

ढावरे सरांनी वेळापत्रक लिहून दिलंय
कुणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या पाठीवर.
दहा मिनिटं मोकळ्या तारा, नुसती दोन बोटं.
दहा मिनिटं एकच सप्तक, मुंगीच्या चालीनं.
दहा मिनिटं काल अडलं तेवढंच.
शेवटच्या पाचपुढं काही नाही,
रेघ ओढून सोडून दिलीय.

शमुवेल ढावरे एकेकाळी ऑर्केस्ट्रात होते,
आता रविवारी चर्चमध्ये, एरवी विजेची बिलं वाटतात.
म्हणाले, यल्लादास, रविवारी एकदम तीन तास बसायचं नाही.
एका दिवसाची भाकरी आठवडाभर पुरते का?
म्हटलं, सर, आपल्या सोलापूरची कडक भाकरी पुरते की.
हसले. मग माझी बोटं दाबून बघितली.
म्हणाले, ही अजून मऊ आहेत.

तेवीस वर्षं जॉबर आहे मी, अक्कलकोट रोडला.
चोवीस मागांच्या शेडमध्ये
थोडे थोडे कान ठेवून आलो.
कुकरची शिट्टी गेली. चिमण्या गेल्या.
मंजुळा साखर म्हणते, मला आखर ऐकू येतं.
खालचं तेवढं राहिलं:
ट्रक, ढग, गड्ड्यातल्या मौत का कुआँची फळी.
म्हणून बास.
सहा हजारांत मिळाली, एका तारेवर गंज.
अँप नाही. तिचं शिंग लोखंडी कपाटाला टेकवतो,
हनुवटी लाकडावर,
मग ईची तार बरगडीत उतरते
आणि कपाटातल्या वाट्या मला ऐकू न येणारं काहीतरी बोलतात.

घड्याळ लावत नाही. समोर नागमणी विड्या वळते.
पंचवीसची एक जुडी म्हणजे माझी दहा मिनिटं,
पानं नीट भिजलेली असली तर.
नसली तर सप्तक लांबतं.
पाचव्या दिवशी नळाला पाणी,
रात्री दोनला की चारला, सांगता येत नाही.
तो दिवस घागरींचा.
विचारलं, सर, बुडालेली पस्तीस मिनिटं भरून काढू?
म्हणाले, घाई करलालास बे.
बुडाला तो बुडू दे.
आज दुप्पट वाजवणारा उद्या पेटीच उघडत नाही.

सहा महिन्यांत वाटायला लागलं, लय बसली.
सरांनीही मान हलवली एकदा.
मग मंगळवारी, सव्वानऊला, लाईट गेली.
शेजारच्या बोल्लींचे सहा माग
एका दमात थांबले,
आणि माझी दोन बोटं तारेवर
रस्ता विसरलेल्या म्हशींसारखी उभी.
तेव्हा कळलं.
इतके दिवस मी त्यांच्या खटक्यावर पाय टाकत होतो.
लय बोल्लींची होती.
माझी फक्त बोटं.

अंधारात नागमणीची कात्री चालूच होती.
थांबलाव का ओ, तिनं विचारलं,
मोठ्यानं, माझ्या उजव्या बाजूनं.
मी म्हटलं, शोधतोय.
काय शोधतोय ते तिनं विचारलं नाही.

आता तिसऱ्या दहात काय करायचं ते ठरलंय.
पण लाईट रोज जात नाही,
आणि बोल्लींना, दादा, जरा माग बंद करा,
असं कुठल्या तोंडानं म्हणणार?
त्यांची तीन पोरं त्याच खटक्यावर जेवतात.
म्हणून सरांनी मोकळी सोडलेली पाच मिनिटं
मी खटक्याच्या मध्ये वाजवतो.
तो पडतो तेव्हा गप्प,
तो उचलतो तेव्हा एक सूर. फक्त एक.
तिसऱ्या-चौथ्याला हमखास ओढला जातो,
वाहत्या कॅनॉलमध्ये उभं राहावं तसा.
परत उभा राहतो.
काल अकरा सूर झाले. आज सात.
पत्रिकेवर लिहून ठेवलंय, वधूच्या मामांच्या नावाशेजारी.

नागमणीनं जुडी दोऱ्यानं बांधली, पुन्हा सोडली,
बोटांनी मोजली.
सव्वीस, ती म्हणाली.
एक विडी बाजूला काढली,
माझ्याकडे बघितलं जरा,
मग म्हणाली, झोपा आता.