डब्याची कड

आधी कड मोडायची. आतल्या बाजूला, पक्कडीनं,
जरा जरा, डबा फिरवत.
हे मी करून देते. यात पोरांचे हात नकोत.
अकरा वर्षं झाकणं बसवलीत मी
मोयनाकच्या मासळी-कारखान्यात, तिसऱ्या पट्ट्यावर;
पत्रा कुठे चावतो ते मला ठाऊक आहे.
अंगठ्यावरचा पांढरा व्रण
नुराय दर शनिवारी वीत लावून बघते,
वाढलाय का म्हणून.

शनिवारी येतात सगळी, पिशव्या खुळखुळवत.
दुधाची खोकी, चहाच्या पुड्यातली चांदी,
केफिरच्या बाटल्यांची हिरवी बुचं,
जोडीदार हरवलेला एक मोजा.
जोल्दासनं एकदा मोटारसायकलचा आरसा आणला.
तो मी तसाच परत पाठवला,
बाप अजून चालवत होता ती मोटारसायकल.

आज होडी.
लांबट डबा घ्या, सार्डिनचा.
गोल डब्याचीही होते, पण ती जागच्या जागी गरगरते
माझ्या थोरल्या दिरासारखी:
सदा निघालेली, कधीच न पोचलेली.

डोलकाठीला आइस्क्रीमची काडी.
बुडाशी मेण ओतते मी, ते थिजायच्या आत
काडी रोवायची
आणि वीस मोजेपर्यंत श्वास सोडायचा नाही.
(श्वासाचा इथं काही संबंध नाही.
पण तेवढा वेळ घर शांत राहतं.)

शीड चांदीचं. चुरगळलं तर चमच्याच्या पाठीनं घासा,
पुन्हा नवं होतं, जवळजवळ.
मग नाव घालायचं.
अयसानेमनं आईचं घातलं. आई अल्माटीत
दुसऱ्यांची घरं झाडते, ईदला येते.
अक्षरं मोठी काढली, तर अर्धं नाव
डब्याच्या पलीकडच्या अंगाला गेलं.

मी यांच्याएवढी होते तेव्हा
समुद्र कारखान्याच्या मागे असायचा,
खिडकीतून थुंकलं तर पडेल इतका जवळ.
मग तो मागे सरत गेला. आम्ही पट्टा थांबवला नाही.
बाल्टिकचे मासे यायचे, दगडासारखे गोठलेले,
आगगाडीनं, पुढे ट्रकनं,
आणि वाळवंटाच्या काठावर बसून
आम्ही परक्या समुद्राला डब्यात भरायचो.
जहाजांचे फोटो काढायला लांबून माणसं येतात.
त्या डब्यांबद्दल मला कुणी विचारत नाही.

होड्या वाळल्या. आता सोडायच्या कुठे?
कपड्यांच्या टबात, मी म्हटलं,
धुण्याचं पाणी ठेवलंय राखून,
नंतर तेच मिरच्यांना घालीन.

एलमुरात उठलाच नाही.
सहा वर्षांचा, सगळ्यांत धाकटा, नाक कायम वाहतं.
चार हिरवी बुचं मांडून बसला होता,
मध्ये भोकं पाडून हवी होती त्याला,
आणि आरपार जायला दोन नळ्या.
होडीला चाकं!
जोल्दास हसता हसता मोज्यावर लोळला.
एलमुरातनं मान वर केली नाही.
‘मग ती जाणार कशी?’

जन्मल्यापासून त्यानं जेवढी जहाजं पाहिली
ती सगळी वाळूत.
गंजलेल्या फळ्यांवर चढलाय, घसरलाय,
पोटाखाली सावलीत बसून टरबूज खाल्लंय.
त्यांचं काय अडलंय
हे त्यानं नीट बघून ठेवलं होतं.

मी सुया तापवल्या.
मग सगळ्यांनाच चाकं हवी झाली, जोल्दासला आधी.
बुचं कमी पडली. शेवटी कपाटातल्या
तीन नव्या बाटल्या उघडल्या,
आंबट तोंडं करत प्रत्येकानं पेला पेला संपवला.

टबातलं पाणी तसंच राहिलं.
दोरे बांधून पोरं होड्या ओढत निघाली,
खडखड खडखड,
सगळी उत्तरेला. घरं त्या बाजूला आहेत त्यांची.
कोपऱ्यावर एलमुरातची उलटली.
त्यानं सरळ केली, बोट चाकाखालून काढलं,
आणि मी इथूनच ओरडले:
कड बघ रे, कड!
आत होती. मीच तर वळवली होती.