दोन पानं पुढे

ती गेली त्या आठवड्यात मेणबत्त्या संपल्या होत्या,
म्हणून मला तारीख आठवते.
च्यातुराच्या वरच्या आळीत तीन दिवस वीज नव्हती,
रोपवेचा डबा नदीवर मध्येच लटकलेला,
आणि नाझिब्रोला शेवटची काडेपेटी उचलून म्हणाली,
"लिहून ठेव, गुलिको."

लिहिली. काडेपेटी एक.
तिच्या वर साखर, शेवया, पोरीची चौकटीची वही,
डोकेदुखीच्या गोळ्या दोनदा,
आणि मार्चमधलं एक चॉकलेट,
कुणासाठी ते मी विचारलं नव्हतं.
एकूण तीनशे शहाऐंशी लारी, चाळीस तेत्री.

रविवारी कुताइसीहून मिनीबस सुटली.
तुर्कस्तान, मग ग्रीस, मग बोटीनं बारी.
पोरगी मावशीकडे.
माझा निरोप घ्यायला ती आली नाही, मी मनावर घेतलं नाही.
देणेकरी दुकानासमोरून जात नाही,
मागच्या जिन्यानं उतरतो,
गुडघे दुखत असले तरी.

जूनमध्ये बँकेचा पोरगा आला.
शर्ट इतका पांढरा, की खाणीच्या या गावात
तो दुपारपर्यंतसुद्धा टिकला नसता.
कुठे असते, नंबर काय.
मी म्हटलं, इटली मोठी आहे.
"असू दे," तो म्हणाला, "जामीन इथेच आहे."
आणि कागद न बघता वलेरियानचं नाव घेतलं.

वलेरियान म्हणजे तिचा थोरला दीर.
बत्तीस वर्षं मँगनीज काढलं,
आता उरलाय एक कान आणि पेन्शन.
सही करताना त्यानं चष्मासुद्धा लावला नव्हता.
घरातल्या माणसाचा कागद
कुणी वाचून बघतं का?

पेन्शन कापली जाऊ लागली.
आधी त्यानं चीज सोडलं.
मग सिगारेटी सुट्या घ्यायला लागला.
मग ऑक्टोबरात काउंटरवर पाव ठेवून
खिसे चाचपले, डावा, उजवा, पुन्हा डावा,
आणि तराजूकडे बघत म्हणाला,
"लिहून ठेव."

लोक म्हणतात, देश सोडला की देणं सुटतं.
कुणी म्हणतात, छे, विमानतळावर कॉलर धरतं.
मला कायदा कळत नाही.
नाझिब्रोलाचं देणं
मी कुठेही जाताना पाहिलं नाही.
माझ्याच वहीत
दोन पानं पुढे सरकलं.

जानेवारीत, नाताळाच्या आदल्या दिवशी,
मिनीबसवाल्यानं खोकं आणून टाकलं.
ऑलिव्ह तेल. पोरीला बूट.
आणि माझ्या नावाचं पाकीट,
पैसे लारीतच बदलून घेतलेले,
वीस-वीस तेत्रीची दोन नाणी पुठ्ठ्याला टेपनं चिकटवलेली.
"गुलिको, मोजून घे."
मोजले. चोख.
वर एक छदाम नाही.
वर काही असतं तर मला अपमान वाटला असता.

बँकेसाठी काही नव्हतं.
वलेरियानसाठी शब्दही नव्हता.
तिला माहीतच नसेल.
किंवा माहीत असेल,
म्हणूनच.

रात्री शटर ओढून वही काढली.
पेन तिच्या पानावर टेकवलं, शाईचा ठिपका उमटला,
तो तसाच आहे अजून.
मग दोन पानं उलटली
आणि वलेरियानचं खातं खोडत गेले,
पावाखाली पाव, सिगारेटीखाली सिगारेट.
उरलेल्यात त्याचा पुढचा मार्च बसत होता.
चीजसकट.

चार दिवसांनी तिचा फोन.
मागे तिची इटालियन म्हातारी पाणी पाणी करत होती,
तेवढा शब्द मलाही कळला.
"मिळाले?"
"मिळाले."
"मग मिटलं?"

काउंटरवर पोरीचे बूट होते,
मावशीनं परत पाठवलेले, कोरे,
दोन वर्षांपूर्वीच्या मापाचे.
बदलून मिळतील का, विचारत होती.
माझ्याकडे बूट नसतात.

"थोडं आहे अजून," मी म्हटलं.

तिनं आकडा विचारला नाही.
नळ सोडल्याचा आवाज आला, पेला भरल्याचा.
"बरं," म्हणाली,
"लिहून ठेव."