आवक-जावक

जावक क्रमांक एक, सन एकोणऐंशी:
"बारा चेंडू पाठवावेत. पंपाची सुई तुटली आहे."
रास अल-खैमा, बर्फाच्या कारखान्यावरची खोली,
खालून लाद्या फोडल्याचा आवाज.
खलफान साहेब सांगत होते, मी टाइप करत होतो.
मी परकार, दाभोळचा. इंग्रजी चाळीस, अरबी कामापुरती.

साहेब तेव्हा साहेब नव्हते.
मिठागराच्या सपाटीवर स्वतः चुना ओढायचे,
दोरी दातात, कंदुरा गुडघ्यापर्यंत खोचलेला.
भरतीला खाडी आत यायची
आणि मैदानाचा डावा कोपरा घेऊन जायची.
मग पुन्हा चुना.
गोलाला जाळी कोळ्यांची, उसनी, तिच्यात खवले.
त्यांचा आजा मोत्यांसाठी बुड्या मारायचा.
म्हणायचे, "आमच्यात श्वास धरायला शिकवावं लागत नाही."

तो श्वास पुढे फार कामी आला.

खजिनदार. सचिव. मग आखाताची समिती, मग खंडाची,
मग बर्फाचे डोंगर दिसणाऱ्या त्या शहरातलं लांबलचक टेबल.
दर बढतीला लेटरहेड बदललं:
आधी नुसता रबरी शिक्का, मग निळी छपाई,
मग उठावाचं सोनेरी,
ज्यावर बोट फिरवलं की आंधळ्यालाही नाव कळावं.
जुने कागद मी टाकले नाहीत.
पाठकोरे होते, भाच्याला गणितासाठी गावी पाठवले.

साहेबांना माणसं पाठ असायची.
कुठल्या बेटाच्या अध्यक्षाची मुलगी दातांची डॉक्टर होतेय,
कोणाचं इन्सुलिन गार डब्यातून न्यावं लागतं.
ही माया होती की मतं, मला सांगता येणार नाही.
बहुधा त्यांनाही.

आवक चार हजार दोनशे सोळा:
आमच्या मैदानाला गुणफलक नाही.
आवक चार हजार तीनशे नव्वद:
गुणफलक पोचला, आभारी आहोत.
मधे निवडणूक होऊन गेली. तिला क्रमांक नाही.
त्याच वर्षी दाभोळला माझ्या घराचा स्लॅब पडला.
बोनस म्हणून आलेलं पाकीट मी मोजलं नव्हतं.
म्हणजे, एकदाच मोजलं होतं.

मग ते तिघे आले. एक बाई, दोन टाय.
मी चाळीस रजिस्टरं टेबलावर मांडली.
कारखाना केव्हाच पाडला होता, आता चहूकडे काच,
इतकी शांतता की पान उलटल्याचं ऐकू यायचं.
बाईंनी विचारलं, "यात सगळं आहे?"
"सगळं आहे," मी म्हटलं.
जे यात नाही त्याबद्दल
त्यांनी विचारलं नाही.

शेवटची आवक एका पानाची:
आठ वर्षं, फुटबॉलशी निगडित कोणत्याही कार्यात सहभाग नाही.
साहेब एकाहत्तरचे. त्यांनी आठ मिळवून पाहिले,
ओठ न हलवता.

आता शुक्रवारी मला गाडीत घालून मिठागराकडे नेतात.
काचा वर करून बसतो. पठाण, बंगाली, नेपाळी,
चिपळूणचा एक पोरगा गोलात,
पाण्याचे दोन रिकामे जार हेच खांब.
परवा साहेब पाय मोकळे करायला उतरले
आणि चेंडू घरंगळत येऊन त्यांच्या चपलेला टेकला.
सगळे थांबले. "बाबा, बॉल!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.
"परकार, हे त्यात येतं का?"

अडतीस वर्षांत त्यांनी मला
फक्त स्पेलिंग विचारलं होतं.
मी तो मसुदा डोळ्यांपुढे आणला. कोणत्याही. कार्यात.
"वाचून सांगावं लागेल," म्हणालो.

चिपळूणचा पोरगाच धावत आला,
चेंडू काखेत मारून गेला.
साहेबांचा उजवा पाय अजून थोडा पुढे होता.
मागे खाडी भरत होती.

परतताना ते बोलले नाहीत,
छातीही हलत नव्हती, मला वाटलं,
सिग्नलपासून थेट घराच्या फाटकापर्यंत.
किती वेळ, ते मी मोजलं नाही.
या खेपेला खरंच नाही.