पाच खांब एका घरात

विक्रोळीला कन्नमवार नगरात
सोसायटीच्या ऑफिसात दर गुरुवारी दुपारी
मी क्रोशा शिकवते.
टँकरची बिलं, वर्गणीची पावतीपुस्तकं
टेबलाच्या एका अंगाला सारली
की झाला वर्ग.

नव्या माणसाला पहिल्यांदा
चहाच्या कपाखालचा चौकोन.
वीस साखळ्या, मग नुसते मुके खांब.
चुकलं तर कप झाकतो,
हे मी आधीच सांगून टाकते.
मग टोपलीच्या विणीचं भांडी पुसायचं फडकं,
मग बाटलीची पिशवी.
पलंगपोसाचं नाव काढू देत नाही.
पलंगपोसानं भल्याभल्यांना पळवून लावलंय.

घाडीकाका आले ते पलंगपोस घेऊनच.
अर्धा. लोण्याच्या रंगाचा.
उशीच्या अभ्र्यात कोंबलेला,
सुई अजून शेवटच्या घरात अडकलेली.
"हा पुढे न्यायचाय."
एकतीस वर्षं कुलपांच्या कारखान्यात फिटर.
खिशातून व्हर्नियर काढून
त्यांनी माझ्यादेखत एक खांब मोजला,
अकरा मिलिमीटर, आणि वहीत लिहिला.
परबांची हर्षदा इतकी हसली
की तिची साखळी सुटली.

आधी चौकोन, मी म्हटलं.
बसले. सुई धरली कानशीसारखी.
हात एवढा घट्ट
की चौकोनाची वाटी झाली.
"काका, धागा पकडायचा नसतो, जाऊ द्यायचा असतो."
"मग तो जागेवर राहतो कसा?"
याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही.

टोपलीची वीण मात्र एका दुपारीत आली.
खांबाच्या डोक्यात सुई घालायची नाही,
त्याच्या कमरेला विळखा घालायचा.
पुढून घातला की खांब उठतो,
मागून घातला की मागे सरतो.
आणि पॉपकॉर्न:
पाच खांब एकाच घरात,
सुई बाहेर, पहिल्याच्या डोक्यातून परत आत,
पाचव्याला धरून ओढलं
की टपकन गाठोडं वर.
"रिव्हेट," काका म्हणाले,
आणि त्या दिवशी चौदा ठोकले.

दिवाळीच्या फराळाचा डबा परत करताना
उभ्याउभ्याच बोलले.
पलंगपोस हिचा. साखरेनं डोळे नेले.
वीण विचारली तर सांगता येईना,
हातांना ठाऊक होती, तोंडाला नव्हती.
आता ते रात्री एक ओळ विणतात,
तिच्या मांडीवर पसरतात,
ती तांदूळ निवडावेत तशी बोटं फिरवते.
"तिसऱ्या टेकडीनंतर एक मुका खांब खाल्लात.
उसवा."
"मग?"
"मग काय, उसवतो.
परवा सात ओळी गेल्या."
असं म्हणाले की जणू बढती मिळाली.

मी न राहवून त्यांच्या घरी गेले.
शालनताईंनी माझा हात धरून
पलंगपोसावर ठेवला.
वरच्या बाजूच्या टेकड्या लहानमोठ्या,
कुठे फुगलेल्या, कुठे निजलेल्या.
"ही ढिली ना? शेजारीण आली होती तेव्हा.
हिच्यात कुकरच्या शिट्ट्या मोजत होते."
मग एका ओळीवर बोट थांबलं.
त्याच्या खाली सगळ्या टेकड्या एका मापाच्या,
अकरा, अकरा, अकरा.
"इथून कारखाना सुरू होतो," त्या म्हणाल्या.
काका आत चहा टाकत होते.
बोट त्या सांध्यावर बराच वेळ
मागेपुढे होत राहिलं.

घरी येऊन मी ओट्यावरचा दिवा मालवला
आणि माझं स्वतःचं फडकं घेतलं,
वर्गात नमुना म्हणून नेते ते,
नऊ वर्षांचं, हळदीचे डाग पडलेलं.
डोळे मिटून बोट फिरवलं.
चौथ्या ओळीत एक खांब कमी.
सहाव्यात दोन.
नऊ वर्षं मी ते सगळ्यांना दाखवत आले.

उसवायला टोक शोधलं.
सापडलं.
मग तव्याला तेल लागलं होतं ते पुसलं.