चटका

भट्टीच्या तोंडात कमरेपर्यंत वाकून
एतेरी कणकेच्या होड्या आतल्या भिंतीला चिकटवते,
एकतीस वर्षं.
त्या मंगळवारी करपल्याचा वास आला
आणि ती पावच शोधत राहिली.
गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, मनगट."

दुखलं नव्हतं. तेच तर.
स्पर्श कळायचा: पीठ, पाणी, वाझाच्या दाढीचे खुंट.
चटका तेवढा वाटेत कुठेतरी विरायचा.
खोकला आला की मात्र मानेमागे घण.

कुतैसीच्या इस्पितळात डॉक्टर लोमिद्झेंनी
पडद्यावर तिचा कणा उभा केला.
राखाडी दोरी, आणि दोरीच्या गाभ्यात
लांबट, पांढरी, पाण्याची कोठडी.

"मेंदूभोवती असतं तेच पाणी. नितळ.
वरची वाट चिंचोळी, म्हणून इथं साचलं.
वेदनेचे, उष्णतेचे निरोप नेणारे धागे
नेमके मधूनच ओलांडतात.
तिथंच तुटले."

एतेरीनं वेळ घेतला.
"पाव आतून पोकळ धरतो, तसं?
वरून खरपूस, ठोकल्यावर कळतं."
"तसंच. फक्त हे फुगू द्यायचं नाही."

ऑक्टोबरात कवटीच्या तळाचं थोडं हाड काढतील,
पाण्याला वाट करून देतील.
गेलेला चटका परत येईलच असं नाही,
हे त्यांनी दोनदा सांगितलं;
दुसऱ्यांदा खिडकीकडे बघत.

घरी वाझानं चहा ओतला.
पेला तिनं आधी गालाजवळ नेला.
गाल अजून खरं बोलतो.
"कढत आहे रे!" ती ओरडली,
आणि तसाच धरून बसली,
निवेपर्यंत.